बटाट्याच्या सुट्टीतली अकरा पाने

ऑक्टोबर लागला की डार्मश्टाटच्या बाजारात बटाट्याच्या पोत्यांवर पुन्हा ओली माती दिसू लागते. एरवीचे बटाटे धुतलेले असतात, जाळीच्या पिशव्यांत बांधलेले. हे ओडेनवाल्डच्या डोंगरातून थेट येतात. विकणारी बाई ते हातानेच तराजूत टाकते आणि तिच्या नखांत माती असते. त्याच आठवड्यात शाळांना सुट्टी लागते. या सुट्टीला काय म्हणतात, असे नातीला विचारले. "हेर्ब्स्टफेरिएन, आजोबा," ती म्हणाली. शरदाची सुट्टी. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला ती जर्मनमध्येच उत्तर देते. 'आजोबा' एवढा शब्द तेवढा मराठी राहिला आहे. पूर्वी हिला बटाट्याची सुट्टी म्हणत, असे तिला सांगितले. तिने थोडा विचार केला.

"बटाट्यांना सुट्टी?"

"नाही. बटाट्यांसाठी मुलांना."

तिला ते फारसे पटले नाही. शाळा बंद ठेवून मुलांनी शेतात गुडघ्यांवर बसायचे आणि संध्याकाळी हात धुऊनही बोटे करडीच राहायची, याला सुट्टी का म्हणायचे, हा तिचा प्रश्न रास्त होता. त्या काळच्या मुलांनाही तो पडत असावा. पण ती सुट्टी होती, आणि तिची वाट पाहिली जात असे.

साठच्या दशकाची सुरुवात होती. पुण्याच्या एका दैनिकात चार वर्षे उपसंपादकी केल्यावर छपाईयंत्रांचे शिक्षण घ्यायला मी डार्मश्टाटला आलो होतो. युद्धात जळालेल्या शहराच्या जागी नवे शहर उभे राहत होते. कार्यालये झाली होती, दुकाने झाली होती, विद्यार्थ्यांसाठी खोल्या अजून व्हायच्या होत्या. ज्यांना शहरात खोली मिळत नसे ते आगगाडीने आणि पुढे बसने डोंगरात जात. अशा एका गावात दीड वर्ष राहणे झाले. गावाचे नाव इथे देत नाही. त्या माणसांची मुले-नातवंडे अजून तिथेच आहेत आणि त्यांना विचारलेले नाही.

गावात एक रस्ता आणि एक ओढा. दोहोंच्या कडेने लाकडी चौकटींत माती-पेंढा भरून बांधलेली घरे. तुळया काळ्या, भिंती पांढऱ्या. एकही तुळई सरळ नव्हती. दोनशे वर्षे ओझे वाहिल्यावर लाकूड वाकते, आणि त्याला जोडलेली घरेही त्याच बाजूला कलतात. रस्त्यावरून पाहिले तर सगळी घरे शेजाऱ्याचे बोलणे ऐकायला किंचित झुकल्यासारखी दिसत. वरच्या अंगाला ग्रॅनाइटची खाण होती. दुपारी सुरुंगाचा आवाज आला की कपाटातल्या बश्या वाजत आणि कोणी मान वर करत नसे.

गावाच्या मधोमध शाळा. एक वर्ग, एक मास्तर, पहिलीपासून आठवीपर्यंतची सगळी मुले. वर्गाच्या कोपऱ्यात माणसाएवढी उंच लोखंडी शेगडी, तिचे धुराडे छतातून वर गेलेले. शाळेच्या भिंतीला टेकून दोन खोल्या आणि माळा असलेले एक घर होते. माळा मला भाड्याने मिळाला. खालच्या दोन खोल्यांत फ्राऊ बेंडर, म्हणजे बेंडरबाई, राहत.

फ्राऊ बेंडर सत्तरीला आल्या होत्या. नवरा खाणीत दगड फोडी आणि सकाळी शाळेची शेगडी पेटवी. युद्धाच्या काळात खाणीतच तो गेला आणि शेगडी यांच्याकडे आली. तेव्हापासून मुले यायच्या आत वर्ग गरम करणे हे त्यांचे काम. चिंध्या, शेणगोळे, रॉकेल असले काही त्या वापरत नसत. एप्रनच्या खिशात पाइनच्या बारीक ढलप्या असत. दोन काड्या लागल्या तर तो दिवस त्या वाईट मानत. मला पहिल्या दिवसापासून त्या 'हेर डॉक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणत.

"मी डॉक्टर नाही, फ्राऊ बेंडर."

"व्हाल. तोवर सवय करून घ्या."

"छपाई शिकतोय. त्यात कोणी डॉक्टर होत नाही."

"मग उगीच एवढ्या लांब आलात. माळ्याची खिडकी लावा, हेर डॉक्टर, ऊब बाहेर जातेय."

त्या ऋतूचा वास आधी आठवतो, मग बाकीचे. बटाट्याचा वाळका पाला शेताच्या कडेला जाळत. धूर वर जात नसे, जमिनीला धरून ओढ्याकडे सरकत असे. निखाऱ्यांत बटाटे टाकत आणि साल कोळसा झाली की काठीने बाहेर काढत. फोडल्यावर आतून वाफ येई. वर मीठ, बाकी काही नाही. हुरड्याची आठवण व्हायचीच. पण हुरड्याला लोक मुद्दाम शेतावर जातात; इथे पाठ मोडेपर्यंत राबून झाल्यावर जे उभ्याने खाल्ले जाई ते हे. साम्य धुरापुरते.

त्या शरदात गावात एक गोष्ट ठरली होती. शाळा बंद होणार होती. चार गावांची मुले बसने खालच्या खोऱ्यातल्या नव्या, मोठ्या शाळेत जाणार, प्रत्येक इयत्तेला वेगळा वर्ग मिळणार. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती जुन्या इमारतीबद्दल. ग्रामपंचायतीला तिथे आगीच्या बंबासाठी शेड बांधायची होती, आणि त्यासाठी शाळेबरोबर शाळेला टेकलेले घरही पाडावे लागणार होते. फ्राऊ बेंडर यांनी थंडी पडायच्या आत मानहाइमला बहिणीच्या मुलीकडे जायचे, असे सरपंचांनी सांगितले होते.

"तिसरा मजला," फ्राऊ बेंडर बटाटे सोलता सोलता म्हणत. "शेगडी नाही. भिंतीतून गरम पाणी फिरतं म्हणे. मग मी सकाळी उठून करायचं काय?"

आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच एक वाक्य येई. "मला इथून काढता येणार नाही. लिहिलेलं आहे."

कुठे लिहिलेले आहे, तर शाळेच्या वहीत. त्या भागात प्रत्येक खेड्यातल्या मास्तराला शाळेची बखर ठेवावी लागे. जाड पुठ्ठ्याची, पानांना क्रमांक घातलेली सरकारी वही. पट किती, थंडी किती, गोवराची साथ कधी, छप्पर कोणी शाकारले, निरीक्षक काय म्हणाले. एक मास्तर जाई, दुसरा येई आणि आदल्याच्या शेवटच्या ओळीखाली लिहू लागे. वर्तमानपत्रात काम केलेल्या माणसाला अशी वही पाहून हेवा वाटतो. तिला मथळे नसतात आणि तिची रद्दी होत नाही.

फ्राऊ बेंडर यांचे म्हणणे असे की नवरा गेल्यावर पंचायतीने त्यांना या घराचा हक्क दिला आणि मास्तरांनी तो वहीत उतरवून त्यावर सरपंचाची सही-शिक्का घेतला. पंचायतीचे त्या वर्षांचे कागद युद्धाच्या शेवटी जळाले होते. उरली वही. आणि क्नाप मास्तरांनी सरपंचांना सांगितले होते की वहीत तशी नोंद दिसत नाही.

क्नाप मास्तर त्या शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ होते. निवृत्तीला थोडे महिने उरलेले. उंच, वाकलेले, कोटाच्या डाव्या बाहीवर खडूची पांढरी रेघ कायम. सरपंचांसकट पंचायतीतले निम्मे लोक त्यांच्या हाताखाली शिकलेले, आणि अजूनही रस्त्यात त्यांना पाहून टोपी काढणारे. त्यांनी 'दिसत नाही' म्हटल्यावर पुन्हा विचारायचे कोणी?

शाळेच्या निरोपाची एक लहान पुस्तिका काढायचे ठरले. मजकूर मास्तर लिहिणार, छायाचित्रे आणि मांडणी माझ्याकडे. कॅमेरा होता आणि छपाई शिकत होतो, एवढीच पात्रता. गावातले प्रत्येक घर टिपून झाले आणि शेवटी वहीची काही पाने टिपायची म्हणून ती माझ्या हातात आली. अक्षर जुन्या जर्मन वळणाचे. आपल्याकडे मोडीचे जे झाले तेच तिथे त्या लिपीचे झाले होते. युद्धाच्या मध्यावर शाळांतून ती काढून टाकली आणि त्यानंतरच्या मुलांना आपल्याच आजोबांची पत्रे वाचता येईनाशी झाली. मलाही ती वाचता येत नव्हती. पण पाने उलटताना बोट एका जागी अडले. एक पान पुठ्ठ्यासारखे जाड होते. वाकत नव्हते.

पुण्याच्या कचेरीत टेबलावर कात्री आणि खळीची वाटी असे. तारेने आलेल्या बातम्यांचे तुकडे कापायचे, कागदावर खळीने चिकटवायचे, छपाईचे खिळे जुळवणाऱ्यांकडे पाठवायचे. खळीने चिकटवलेला कागद बोटाला कळतो. त्यासाठी लिपी यावी लागत नाही.

रविवारी बापट आला. सांगलीचा, डार्मश्टाटला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करणारा; फ्राऊ बेंडर यांची बटाट्याची धिरडी आणि दोन तास मराठी, यासाठी बसचे भाडे खर्चून येई. त्याला वही दाखवली. त्याने पान चिमटीत धरले, वास घेतला.

"खळ आहे रे. आपण पतंगांना लावायचो तीच."

"नक्की?"

"हे तू रसायनशास्त्रज्ञाला विचारतोयस की पतंगवाल्याला?"

"ज्याचं बरोबर असेल त्याला."

"मग पतंगवाल्याला. वाफेवर धर, सुटेल." वही मिटून त्याने माझ्यापुढे सरकवली. "पण एक ऐक. दुसऱ्याच्या घरात जे चिकटवून ठेवलंय ते आपण पाहुण्यांनी सोडवू नये."

"आणि म्हातारीचं काय?"

"तेही आहेच," बापट म्हणाला आणि धिरड्याची बशी बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेच्या शेतात बटाटे काढत होते. मास्तराच्या पगाराबरोबर जमिनीचा एक तुकडा देण्याची तिथे जुनी रीत होती. पायांत रबरी बूट, हातात तारेची टोपली. मीही एक टोपली घेऊन शेजारच्या ओळीत बसलो. ओळ अर्धी झाल्यावर म्हटले, की वहीतले मधले एक पान जाड आहे.

ते बटाटे उचलत राहिले. "कुठलं ते सांगू नका. मला माहीत आहे. ती अकरा आहेत."

मग एकेका बटाट्याची माती अंगठ्याने काढत त्यांनी सांगितले. अमेरिकन रणगाडे खालच्या पुलापाशी आले त्या सकाळी त्यांनी ती चिकटवली. बायकोने पीठ दिले. घरात खायला पीठ पुरत नव्हते तेव्हाची गोष्ट.

"फाडली का नाहीत?"

मास्तरांनी प्रथमच वर पाहिले. प्रश्न त्यांना खरोखर समजला नसावा.

"पानांना क्रमांक आहेत," ते म्हणाले. "सरकारी वही आहे."

हे उत्तर त्यानंतर अनेकांना सांगितले. जर्मन ऐकणारे हसत नाहीत. जी पाने जगाने पाहू नयेत असे वाटले, ती नष्ट करणे त्या माणसाला शक्य झाले नाही, कारण क्रमांक तुटला असता. म्हणून त्याने ती जपून, एकमेकांना नीट चिकटवून, आपल्याच कपाटात सतरा वर्षे ठेवली. त्या फळीवरची धूळ ते दुसऱ्या कोणाला पुसू देत नसत, हे नंतर कळले.

"फ्राऊ बेंडर म्हणतात ती नोंद?" मी विचारले.

"आहे. अकरातल्या शेवटच्या पानावर. मी सरपंचांना म्हणालो, दिसत नाही. खोटं नव्हतं. दिसत नाहीच." त्यांनी टोपली पुढे सरकवली. "तेवढं एक शेवटचं पान सोडवता येईल? तुम्ही छपाईतले आहात."

"खळ एकदा ओली झाली की आतपर्यंत होते. अकराही सुटतील."

"असं मलाही वाटलं होतं," मास्तर म्हणाले आणि पुढच्या ओळीकडे गेले.

त्यानंतर तीन दिवस काही झाले नाही. फ्राऊ बेंडर यांनी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला सुरुवात केली. कपाटातली एकेक बशी उतरताना दिसे आणि दुपारी खाणीत सुरुंग उडाला की राहिलेल्या बश्या आदल्या दिवसापेक्षा कमी वाजत. मास्तर काय म्हणाले ते मी त्यांना सांगितले नाही. तो निर्णय मास्तरांचा होता, असे तेव्हाही वाटत होते. पण रोज जिन्यावरून उतरताना भांड्यांच्या पेट्यांना वळसा घालावा लागे आणि ते वाटणे थोडे कमी होई.

चौथ्या दिवशी वाफेचा गाडा आला. हे त्या प्रांतातले वर्षातून एकदा घडणारे काम. चाकांवरचा एक मोठा बॉयलर आणि त्याला जोडलेली तीन-चार लोखंडी पिंपे गावोगाव फिरत. लहान आणि कापले गेलेले बटाटे डुकरांच्या खाद्यासाठी त्यात वाफवून काढत आणि सिमेंटच्या खड्ड्यात दाबून वर्षभर ठेवत. गाडा शाळेच्या अंगणात उभा राही. सकाळपासून गाव पोती घेऊन रांगेत. सगळ्या रस्त्यावर उकडलेल्या बटाट्याचा गोड, मातकट वास. खिडक्यांच्या काचा धुरकट. मुले पिंपाखालून सांडलेले गरम बटाटे पळवत आणि एका हातातून दुसऱ्या हातात उडवत.

दुपारी रांग संपल्यावर मास्तर शाळेतून बाहेर आले. कोटाच्या आत काहीतरी चौकोनी होते. ते फ्राऊ बेंडर यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि वही काढली.

"फ्राऊ बेंडर, तुमचं पान यात आहे. मी चिकटवलं होतं."

फ्राऊ बेंडर यांनी एप्रनला हात पुसले.

"सतरा वर्षं तुमचा वर्ग मी गरम केला, हेर क्नाप," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

"हो."

"आणि मागच्या महिन्यात मी तुमच्या दारात येऊन विचारलं."

"हो."

"धरा इथे," त्या म्हणाल्या. "खूप जवळ नको, शाई पसरेल."

मास्तरांनी वही वाफेत धरली. पाने सोडवली ती फ्राऊ बेंडर यांनी. गरम बटाट्याची साल काढायची त्यांची जुनी बोथट सुरी होती, तीच घेतली. टोक पानांच्या मध्ये सरकवायचे, थांबायचे, पुन्हा वाफ द्यायची. माझे काम टीपकागद घालण्याचे. एक पान सुटायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात गाड्यावरचा माणूस एक पिंप रिकामे करी. अकरावे पान सुटले तेव्हा त्या कोपऱ्यात निळा, गोल शिक्का होता. फ्राऊ बेंडर यांनी तो पाहिला आणि सुरी पुसून खिशात ठेवली.

"वाचायचं ते शाळेत वाचा. सगळ्यांसमोर."

दोन दिवसांनी सकाळी वर्गात बैठक झाली. सरपंच, पंचायतीचे पाच सदस्य, जिल्हा कचेरीतून आलेला एक तरुण अधिकारी, मास्तर, फ्राऊ बेंडर, आणि पुस्तिकेचे काम असल्यामुळे मी. मुले बटाट्यांवर होती, म्हणून शेगडी पेटलेली नव्हती. मोठी माणसे मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती आणि तोंडातून वाफ निघत होती.

अधिकाऱ्याने वही उघडली, थोडा वेळ पाहिली आणि कबूल केले, "हे मला वाचता येत नाही." तो ती लिपी गेल्यानंतर शाळेत गेलेला होता. त्याने वही सरपंचांकडे दिली. सरपंच चाळिशीचे. त्यांनी पहिल्या ओळीवर नजर टाकली आणि वही मिटली.

"चष्मा घरी राहिला."

शेजारच्या सदस्याने खिसे चाचपले. "माझाही."

तिसऱ्याने नुसती मान हलवली.

"गावात आज सगळेच आंधळे," फ्राऊ बेंडर म्हणाल्या. "हेर क्नाप, तुम्ही वाचा. आणि वरून वाचा. मध्येच उडी मारायची नाही, हे मुलांना तुम्हीच शिकवलंत."

मास्तर फळ्यापाशी उभे राहिले आणि वाचू लागले. सुरुवातीची पाने स्वस्तिकाच्या झेंड्याची, मशालींच्या मिरवणुकीची, मास्तरांच्या स्वतःच्या भाषणाची होती. भाषण लांब होते. गावाला नवा प्राण मिळाला, असे त्यात दोनदा होते. त्यांनी ते दोन्ही वेळा वाचले. मिरवणुकीत कोण कोण होते त्यांची नावे आली. समोर बसलेल्यांपैकी चौघांची होती.

"ढोल मी वाजवला होता," सरपंच मध्येच म्हणाले.

"तुमचं नाव पुढे येतंय," मास्तर म्हणाले आणि पुढे वाचले.

मग पट. एका वर्षी दोन बहिणींची नावे पटावरून कमी झालेली. कारणाचा रकाना रिकामा. मास्तर तिथे थांबले. रिकामा रकाना वाचता येत नाही.

"कारण लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "मला माहीत होतं."

"दोघी शेगडीपाशी बसायच्या," फ्राऊ बेंडर म्हणाल्या. "धाकटीला सारखी सर्दी." त्यांनी दोघींची नावे उच्चारली. ती वहीतही होती, पण खोलीत कोणी मोठ्याने म्हटल्याला बरीच वर्षे झाली असावीत. बाहेर रस्त्यावरून बटाट्याची गाडी गेली, तिचा आवाज पार वळणापर्यंत ऐकू आला.

शेवटचे पान लहान होते. दगडफोड्या बेंडर खाणीत मरण पावला. त्याच्या विधवेने शाळेची शेगडी सांभाळण्याचे कबूल केले. त्याबदल्यात, वर्गातली शेगडी तिच्या हातून पेटत राहील तोवर, घर तिचे. खाली सही आणि शिक्का.

अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवली. तो वाईट माणूस नव्हता, त्याचे काम करत होता. "आल्झो, म्हणजे असं, शाळा तर बंद होतेय. शाळा नाही, तर शेगडी नाही. मग हक्कही संपतो."

हा विचार कोणी केलेला नव्हता. मास्तरांच्या चेहऱ्यावरून तो गेलेला दिसला: इतके सगळे वाचूनही काही हाती लागणार नाही. फ्राऊ बेंडर आपल्या हातांकडे पाहत होत्या.

सरपंच म्हणाले, "ते वाक्य पुन्हा वाचा, हेर क्नाप."

मास्तरांनी पुन्हा वाचले. वर्गातली शेगडी तिच्या हातून पेटत राहील तोवर.

"शाळा असं म्हटलेलं नाही," सरपंच सावकाश म्हणाले. "शेगडी म्हटलंय. पंचायतीला बसायला खोली नाही. आम्ही खानावळीच्या मागच्या खोलीत बसतो आणि बिअरचे पैसे देतो. इथे बसलो तर शेगडी लागेल."

"आणि बंबाची शेड?" अधिकाऱ्याने विचारले.

"खाली पुलापाशी बांधू," एक सदस्य म्हणाला. "पाणी तसंही तिथेच आहे."

"हे आधी कोणाला सुचलं नाही?"

"आधी कोणी विचारलं नाही."

तेवढ्यात फ्राऊ बेंडर उठल्या. कोणाकडे न पाहता कोपऱ्यात गेल्या, शेगडीचे दार उघडले, खिशातून ढलप्या काढल्या. एकच काडी लागली. धुराड्यात आधी एक हुंकार झाला, मग ती नीट धरली. लोखंड तापताना टिकटिक करते, तो आवाज खोलीभर होता. बाकांवरची माणसे एकेक करून पाय लांब करू लागली. सरपंचांनी टोपी मांडीवर ठेवली. मास्तर तिसरीच्या बाकावर बसले, आणि त्यांनी जो श्वास सोडला तो थंडीत सगळ्यांना दिसला.

अधिकाऱ्याने शेगडीकडे पाहिले, कागदाकडे पाहिले. "पेटलेली आहे," त्याने मोठ्याने म्हणत लिहिले. "शेगडी विधवा बेंडर यांच्या हातून पेटलेली आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," सरपंच म्हणाले.

त्या संध्याकाळी भांडी पुन्हा कपाटात गेली. चिनीमातीच्या बश्या वर्तमानपत्रातून सुटताना ज्या आवाजाने एकमेकींवर बसतात तो माळ्यावर ऐकू येत होता. त्या काळातली सर्वांत चांगली बातमी तीच होती आणि ती कुठेही छापून आली नाही. मास्तरांशी मात्र फ्राऊ बेंडर यांनी नाताळपर्यंत हवामानापलीकडे बोलणे ठेवले नाही. नाताळात त्यांच्या दाराशी एक धिरड्यांची बशी ठेवून आल्या. झाकलेली होती, निरोप नव्हता.

पुढे मी शिक्षण संपवले, नोकरी डार्मश्टाटलाच मिळाली, आणि दीड वर्षाच्या त्या गावाला जाणे वर्षातून एकदा, मग काही वर्षांतून एकदा, असे होत गेले. फ्राऊ बेंडर यांनी आणखी बारा हिवाळे शेगडी पेटवली आणि त्या आपल्याच घरात वारल्या. बापट सांगलीला परतला. त्याचे पत्र आले की शेवटी एक ओळ असे, पतंगवाल्याला विसरू नकोस.

या वर्षी सुट्टीत नातीला तिकडे नेले. घर तसेच आहे, तुळया आणखी वाकल्या आहेत. वर्गात आता गावातल्या बायकांचे मंडळ भरते. भिंतीपाशी काचेच्या पेटीत वही उघडून ठेवली आहे. अकरा पाने बाकीच्यांसारखी सपाट झाली नाहीत. वाफेने आलेली लाट कागदात राहिली. शेजारी टंकलेखन केलेला उतारा आहे. दोन बहिणींच्या नावांपुढचा कारणाचा रकाना वेगळ्या शाईने भरलेला आहे, बैठकीच्या दुसऱ्या दिवशी: 'त्यांना शाळेत येण्यास मनाई झाली. नंतर कुटुंबासह नेण्यात आले. शिक्षकाला माहीत होते.' त्या ओळी निरोपाच्या पुस्तिकेत छापायला मास्तरांनीच दिल्या होत्या. मुद्रित तपासताना त्यांनी एकही शब्द बदलला नाही.

नातीने विचारले, कागद असा का झाला. बटाट्यांमुळे, असे सांगितल्यावर तिने माझ्याकडे संशयाने पाहिले.

मंडळाची एक बाई आधीच आली होती. शेगडी पेटलेली होती. खोलीत आता भिंतीतून गरम पाणीही फिरते, मग ही कशाला, असे तिला विचारले. तिने खांदे उडवले. बैठकीला ही पेटवायचीच असते, पाळी लावलेली आहे, आज तिची. सुरुवात कोणी केली ते तिला ठाऊक नव्हते. ढलप्या मात्र पाइनच्या होत्या.

नातीने दोन्ही हात लोखंडाजवळ नेले. बाहेर मळभ होते आणि तिची बोटे सकाळी बाजारात निवडलेल्या बटाट्यांच्या मातीने अजून करडी होती. ऊब छान आहे, ती जर्मनमध्ये म्हणाली, आणि आपण इथे किती वेळ थांबू शकतो, असे तिने विचारले.

"हवं तेवढा," मी म्हणालो. "लिहिलेलं आहे."